प्रियसचा लाल त्रिकोण दर तीन महिन्यांनी परत येतोय?

आधी तक्रार नीट मांडते. गाडी टोयोटा प्रियस, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठी बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी हायब्रिड, २००९ ची, म्हणजे दुसऱ्या पिढीतली अगदी शेवटच्या वर्षाची. धाव १ लाख ७१ हजार मैल. आम्ही अमेरिकेत, डॅलसच्या उत्तरेला राहतो, गाडीला गॅरेज नाही, त्यामुळे ती बारा महिने उन्हात. जुलैतल्या एका दुपारी डॅशबोर्डवर लाल त्रिकोण, म्हणजे मोठ्या बिघाडाचा इशारा देणारा दिवा, उजळला. गाडीच्या कंप्युटरनं दिलेला बिघाडाचा कोड निघाला पी०ए८०. एक फिरता मेकॅनिक घरी येऊन दुरुस्त करून गेला. ऑक्टोबरात त्रिकोण परत. पुन्हा तोच माणूस, पुन्हा दुरुस्ती. डिसेंबरात आम्ही सहा आठवड्यांसाठी पुण्याला गेलो. जानेवारीत परत आलो, बॅगा अजून दारातच होत्या, म्हटलं दूध घेऊन येऊ. चावी घेतली, बटण दाबलं, आणि त्रिकोण स्वागताला हजर.

पी०ए८० या कोडचा अर्थ मुळातच सरळ आहे: हायब्रिड बॅटरीचा पॅक बदला. मी सात महिने तो ऐकायचं टाळलं आणि त्या टाळण्याचे पैसे भरले. ज्यांची गाडी याच चक्रात अडकली आहे त्यांच्यासाठी हे सगळं लिहून काढतेय.

आत नक्की काय आहे

मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या तळाखाली एक लोखंडी पेटी असते. तिच्यात एकाशेजारी एक उभी दाटीवाटीनं बसवलेली २८ मॉड्यूल. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे प्लॅस्टिकचा चपटा डबा, आत निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. म्हणजे डब्याचे ७.२ व्होल्ट, आणि २८ डबे एकामागे एक जोडले की २०१.६ व्होल्ट. क्षमता साडेसहा अँपिअर-तास. हिशोब केला तर अख्ख्या पॅकमध्ये मावणारी वीज १.३ युनिट. हो, महावितरणच्या बिलात असतं तेच युनिट. त्यातलीही सगळी गाडी वापरत नाही. कंप्युटर बॅटरीला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवतो, ना पूर्ण भरू देत, ना रिकामी होऊ देत. म्हणून तर ही बॅटरी पंधरा-पंधरा वर्षं निघते.

कंप्युटर एकेक मॉड्यूल मोजत नाही. दोन-दोनच्या जोड्या मोजतो. अशा १४ जोड्या, त्यांना ब्लॉक म्हणतात. एखाद्या ब्लॉकचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा फारच खाली-वर जायला लागलं की तो लाल त्रिकोण लावतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यावरून फार गोंधळ होतो. या गाडीला नेहमीच्या गाडीसारखा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवतो तो मोठ्या बॅटरीवर चालणारा मोटर-जनरेटर. त्यामुळे मोठी बॅटरी पार बसली असेल तर शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन काही होत नाही. जंपची वीज जाते छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीला, आणि तिचं काम फक्त कंप्युटर जागे करणं आणि रिले, म्हणजे मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच, ओढणं.

त्रिकोण येण्याआधी गाडी सांगत असते

माझी गाडी मार्चपासून सांगत होती, मलाच कळत नव्हतं. पडद्यावर बॅटरीच्या आठ पट्ट्या दिसतात. निरोगी गाडीत त्या बहुतेक वेळ सहावर, निळ्या. माझ्याकडे काय व्हायचं, सिग्नलला थांबले की दोन मिनिटांत सहाच्या दोन, जांभळ्या. निघून एक उतार लागला की लगेच आठ, हिरव्या. मला वाटायचं वा, किती पटकन भरते! बॅटरी पटकन भरते याचा अर्थ तिच्यात मावतच कमी, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. घागर आतून गाळानं भरली की तीसुद्धा पटकन भरते.

दुसरं लक्षण आवाजाचं. मागच्या सीटच्या उजव्या खांद्याजवळून हेअर ड्रायरसारखा आवाज. तो बॅटरी थंड करणारा पंखा. तिसरं, गॅलनला ४६-४७ मैल देणारी गाडी ३९ वर आली. मी एसीला दोष दिला.

जुनी हायब्रिड विकत घ्यायला जाणाऱ्यांनी या पट्ट्यांवर नजर ठेवावी. १२ व्होल्टचं टर्मिनल काढून परत लावलं किंवा कोड पुसला की त्रिकोण काही दिवस जातो, आणि विकणाऱ्याला तेवढे काही दिवसच हवे असतात. पट्ट्यांचा नाच मात्र पुसता येत नाही. वीस मिनिटं चालवून बघा, मध्ये एक चढ-उतार घ्या.

बॅटरीला दोष देण्याआधी तीन गोष्टी

पहिली, छोटी १२ व्होल्टची बॅटरी. दुसऱ्या पिढीत ती पुढे बॉनेटखाली नसते, डिकीत उजव्या कोपऱ्यात असते. ती अशक्त झाली की डॅशबोर्डवर दिवाळी होते: नको नको ते दिवे, गाडी ‘रेडी’, म्हणजे निघायला तयार, होत नाही, कोडही भलतेच. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावून १२.५-१२.६ दिसले तर ठीक. १२ च्या खाली असेल तर आधी ती बदला आणि मग बाकीचं बघा. दोनेकशे डॉलरच्या बॅटरीपायी लोक दोन हजारांची बदलून बसलेत.

दुसरी, पंखा आणि त्याची वाट. मागच्या सीटच्या उजव्या बाजूला काळी जाळी आहे. बॅटरी गाडीच्या आतली थंड हवा तिथून ओढते. आमच्याकडे त्या जाळीसमोर दर शनिवारी वीस पाउंडाची तांदळाची पिशवी टेकलेली असायची, आणि उरलेले सहा दिवस मुलीचं जॅकेट. जाळी काढून आतला हवेचा नळ उघडला तर पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाची गादी जमलेली. बोटानं ओढली तर अख्खी पट्टी सुटून आली, धोतराच्या काठासारखी. ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्यांनी तर हे आजच उघडावं. पंख्याचा वेगळा कोडही आहे, पी०ए८२; पण पंखा फिरत असला आणि हवाच येत नसली तर तो कोड येईलच असं नाही. बॅटरी मुकाट शिजत राहते. डॅलसच्या उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंश असतात, बंद गाडीत त्याहून बरेच जास्त.

तिसरी, तांब्याच्या पट्ट्या. त्या पॅक उघडल्यावरच दिसतात, तेव्हा पुढे सांगते.

आणि कोडच जर पी०एए६ असेल तर हा लेख तुमचा नाही, निदान सगळा नाही. तो कोड म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज कुठेतरी गाडीच्या पत्र्याला झिरपतेय. त्याचं कारण बॅटरीतली गळती असू शकतं, एसीचा काँप्रेसर असू शकतो, गिअरबॉक्समधली मोटर असू शकते. तिथे अंदाजपंचे पॅक बदलू नका.

आकडे बघायला शिका

पंधरा-वीस डॉलरचा ब्लूटूथ ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र, आणि फोनवर डॉक्टर प्रियससारखं एखादं ॲप, एवढ्यात १४ ब्लॉकचे जिवंत आकडे दिसतात. स्टिअरिंग हातात असताना फोनकडे बघायचं नाही. शेजारी कुणाला तरी बसवा. मी मुलीला बसवलं. ती सातवीत होती. तिला सांगितलं, मी जोरात ॲक्सिलरेटर दाबला की सगळ्यात लहान आकडा कुठला ते ओरडायचं.

स्वस्थ उभ्या गाडीत सगळे ब्लॉक साडेपंधरा-सोळाच्या आसपास, एकमेकांत ०.२-०.३ चा फरक. इथवर काही कळत नाही, आजारी बॅटरीही आराम करताना निरोगीच दिसते. खरी परीक्षा ओझ्याखाली. मी दाबलं, मुलगी ओरडली, “नऊ नंबर! तेरा पॉइंट एक!” बाकीचे साडेचौदाच्या आत-बाहेर. पुढच्या ब्रेकला तोच नऊ नंबर सगळ्यांत वर उडाला. ताण आला की सगळ्यांत खाली, भरायला लागलं की सगळ्यांत वर, ही कमजोर ब्लॉकची सही.

आता मेकॅनिकनं काय केलं असेल ते ओळखलंच असेल. नऊ नंबरच्या जोडीतलं मेलेलं मॉड्यूल काढलं, दुसरं बसवलं, कोड पुसला, साडेतीनशे डॉलर. ऑक्टोबरात सहा नंबरचा ब्लॉक गेला. जानेवारीत अकरा.

मग मी पेटी उघडली

तिसऱ्या वेळी मी त्याला बोलावलं नाही. धाकटा दीर ऑस्टिनहून आला होता, तो विद्युत अभियंता, त्याच्या भरवशावर उघडायचं ठरवलं. हे वाचून कुणी एकट्यानं पेचकस घेऊन बसू नये. २०० व्होल्ट डीसी माणूस मारायला पुरेसे आहेत आणि पकडलं की सोडत नाहीत. आम्ही पाळलेला क्रम असा होता. गाडी बंद, स्मार्ट चावी घरात लांब ठेवलेली. डिकीचं दार उघडं ठेवून १२ व्होल्टचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. मग डिकीतला डावीकडचा नारिंगी सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीची जोडणी मधोमध तोडणारा खटका, ओढला आणि तो दिरानं खिशात टाकला, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून परत लावायला नको. मग दहा मिनिटं नुसतं बसायचं, इन्व्हर्टरमधले वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला. चहा घेतला.

हातात क्लास झिरोचे, हजार व्होल्टला चालणारे रबरी मोजे, वर चामड्याचे. मोजा घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडायची आणि कुठे सुटतेय का बघायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तरी मोजा बाद. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं घरात. सर्व्हिस प्लग काढला की पॅकचे दोन तुकडे होतात, वीज संपत नाही. मोठ्या तुकड्यात शंभराहून जास्त व्होल्ट शिल्लक असतात. मॉड्यूलांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या निघेपर्यंत मोजे उतरवायचे नाहीत. पट्ट्या निघाल्या की मात्र प्रत्येक मॉड्यूल आठ व्होल्टचं साधं डबडं.

आता ती तिसरी गोष्ट. आमच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या झाल्या होत्या, काहींवर मोरचुदासारखी पावडर. अशा पट्टीमुळे व्होल्टेजचं मोजमापच चुकतं, आणि कंप्युटर चांगल्या ब्लॉकलाही आजारी ठरवतो. लोक व्हिनेगर आणि मिठात भिजवतात. माझ्याकडे चिंचेचा कोळ होता. देवघरातला तांब्या घासतात तशा घासल्या, स्वच्छ धुतल्या, पुसून उन्हात वाळवल्या. दीर म्हणाला, “वहिनी, नैवेद्य पण दाखवा आता.” केवळ पट्ट्या साफ करून ज्यांचा त्रिकोण कायमचा गेला असेही लोक आहेत, म्हणून एवढं सांगतेय. मी त्यांच्यातली नव्हे.

कारण मग आम्ही २८ मॉड्यूल एकेक करून तपासली. पद्धत घरगुती आहे: हेडलाइटचा ५५ वॉटचा दिवा मॉड्यूलला जोडायचा, दोन मिनिटं जळू द्यायचा, आधीचं आणि शेवटचं व्होल्टेज वहीत लिहायचं. चांगलं मॉड्यूल ७.८ ला सुरू करतं आणि ओझ्याखालीही साडेसातच्या आसपास टिकतं. एक सेल मेला असेल तर आकडा सव्वा व्होल्टनं खालीच असतो, दिवा लावायच्या आधीच साडेसहा. तसलं एक सापडलं, एकविसावं, म्हणजे अकराव्या ब्लॉकमधलं. ते अपेक्षितच होतं.

अपेक्षित नव्हतं ते वहीचं पान. मेकॅनिकनं बसवलेली दोन मॉड्यूल सोडली तर उरलेल्या पंचविसांपैकी सोळा दोन मिनिटांत ७.२ च्या खाली घसरली होती. मधली सगळ्यांत वाईट, कडेची जरा बरी. मधल्यांना दोन्हीकडून शेजाऱ्यांची ऊब मिळते, तिथे हवा कमी पोचते, ती आधी जातात. म्हणजे माझी बॅटरी ‘एका मॉड्यूलमुळे’ बिघडलेलीच नव्हती. एकविसावं फक्त रांगेत पुढे उभं होतं.

ठिगळ का टिकत नाही

२८ मॉड्यूल एकाच ओळीत जोडलेली आहेत, म्हणजे जेवढा करंट पहिल्यातून जातो तेवढाच अठ्ठाविसाव्यातून. दिंडीत एखादे आजोबा मागे पडले तर लोक थांबतात, पाणी देतात. इथे कुणी थांबत नाही. कमजोर मॉड्यूल रिकामं झालं तरी बाकीची सत्तावीस त्याच्यातून करंट ढकलत राहतात. मग आतल्या सेलची धन-ऋण बाजूच उलटते, गॅस तयार होतो, डबा तापतो, फुगतो, आणि सेल कायमचा जातो. त्याच्या तापानं शेजारी तापतात. म्हणून एक गेलं की महिन्या-दोन महिन्यांत शेजारचं.

त्याजागी जे ‘नवं’ येतं ते बहुतेक वेळा नवं नसतंच. दुसऱ्या कुठल्या तरी अपघातात सापडलेल्या प्रियसमधलं असतं. त्याची क्षमता वेगळी, भरलेलं वेगळं, वय वेगळं. बरं निघालं तर बाकीची त्याच्यापुढे अजून फिकी पडतात आणि ब्लॉकमधली तफावत वाढते. कंप्युटर तर तफावतच मोजतो! पॅक नीट जुळवायचा तर २८ ही मॉड्यूल काही दिवस संथपणे भरून-रिकामी करून, क्षमता मोजून, एकाच पातळीला आणावी लागतात. तेही डबे दोन्ही बाजूंनी पट्टीनं आवळलेले असताना. मोकळं मॉड्यूल भरताना फुगतं आणि परत पेटीत जात नाही. अंगणात येऊन दोन तासांत दुरुस्ती करणाऱ्याकडे यातलं काही करायला वेळ नसतो. माझ्या मेकॅनिकला मी अप्रामाणिक म्हणणार नाही. त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तीन महिन्यांची हमी देतो. ती तीन महिन्यांचीच का, हे मी विचारायला हवं होतं.

ठिगळाला जागाच नाही असंही नाही. पॅक सात-आठ वर्षांचाच असेल, बाकीची मॉड्यूल दिव्याखाली ठणठणीत असतील, आणि एखादंच कारखान्यातल्या दोषानं गेलं असेल, तर एक बदलणं शहाणपणाचं. किंवा गाडी येत्या दोन महिन्यांत भंगारात जायची आहे, तेवढी ढकलायची आहे. बारा-तेरा वर्षांच्या पॅकला मात्र ठिगळ म्हणजे जीर्ण साडीला जरीचा काठ शिवणं.

कुठला पॅक घ्यावा

आधी हमी बघा. अमेरिकेत त्या काळातल्या गाड्यांना हायब्रिड बॅटरीची ८ वर्षं किंवा १ लाख मैल हमी होती, कॅलिफोर्नियाचे प्रदूषणनियम पाळणाऱ्या राज्यांत १० वर्षं किंवा दीड लाख मैल. २००९ च्या गाडीला यातलं काही उरलेलं नाही.

बाजारात चार प्रकार मिळतात. ‘रीफर्बिश्ड’ म्हणजे जुनीच मॉड्यूल चाळून-निवडून बसवलेला पॅक. स्वस्त, आणि माझ्या दोन ठिगळांचं थोरलं भावंड. भंगारातल्या कमी चाललेल्या गाडीचा पॅक. नशिबाचा खेळ, गाडीचं वर्ष आणि मैल खात्रीनं कळत असतील तरच. बाहेरच्या कंपन्यांचे नवे पॅक, त्यात काहींमध्ये चपट्या डब्याऐवजी गोल सेल असतात, काही तर सरळ लिथियमचे. आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नवा पॅक. मी शेवटचा घेतला. डीलरच्या खिडकीवर आधी जी रक्कम भरावी लागते ती बघून छातीत धस्स होतं, पण तिच्यात जुन्या पॅकची अनामत धरलेली असते, जुना पॅक परत दिला की ती मिळते. सगळं जाऊन-येऊन मला पॅक बावीसशे डॉलरला पडला. दोन ठिगळांचे पैसे, बुडालेले दोन दिवस आणि टोइंग धरलं तर मी आधीच त्याच्या एक तृतीयांशपर्यंत पोचले होते.

एक पथ्य. पॅकवर छापलेली तारीख बघून घ्या. ही बॅटरी कपाटात नुसती पडून असली तरी हळूहळू रिकामी होते. दोन-तीन वर्षं गोदामात राहिलेला ‘नवा’ पॅक नको.

बसवताना जिथे अडतं

पॅकचं वजन चाळीस किलोच्या आसपास, आणि तो वाकून, डिकीच्या कडेवरून उचलायचा असतो. दोघं हवेत, आणि दोघांची कंबर शाबूत हवी. नव्या पॅकवर जुन्याचा कंप्युटर आणि रिले काढून चढवावे लागतात. सोडवताना प्रत्येक टप्प्याला फोनवर फोटो काढा. १० आणि १२ मिलिमीटरचे बोल्ट दिसायला सगळे सारखेच असतात. मी अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात क्रमानं ठेवले.

तांब्याच्या पट्ट्यांना हात लावावा लागलाच तर त्यांचे नट आठ मिलिमीटरचे, आणि त्यांना ५.४ न्यूटन-मीटर, म्हणजे ४८ इंच-पाउंड एवढंच आवळायचं. हे फार कमी आहे, बरणीचं झाकण लावतो तेवढं. चाकाच्या बोल्टच्या सवयीनं आवळलं तर मॉड्यूलचा खिळाच फिरतो आणि मॉड्यूल वाया जातं. सैल राहिलं तर पट्टी तापते. इंच-पाउंडातला टॉर्क पाना कुणाकडून तरी मागून आणा, अंदाजानं करू नका. आणि मॉड्यूल काढली असतील तर परत लावताना एक सुलट, एक उलट अशी लागतात. दोन सुलट शेजारी आली तर जोडणीच चुकते.

आता दोन चुका, ज्या आम्ही दोन्ही केल्या.

१२ व्होल्टचं टर्मिनल काढलेलं असताना दिरानं सवयीनं डिकीचं दार आपटलं. ते दार विजेवर उघडतं. वीज नाही, दार नाही. मग मी मागच्या सीटवरून रांगत डिकीत गेले, आतून दाराच्या खालचं छोटं झाकण उघडून पेचकसानं कळ दाबली. शेजारची म्हातारी तिच्या ओसरीवरून बघत होती, तिनं हात हलवला, मीही आतून हलवला.

दुसरी चूक जास्त घाम काढते. सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि गाडी ‘रेडी’ होईना. त्रिकोण तसाच. दोघांचेही चेहरे उतरले. अर्धा तास वायरी तपासल्यावर दीर म्हणाला, प्लग बघू परत. सर्व्हिस प्लगला तीन हालचाली असतात: आत ढकलायचा, दांडी वर उचलायची, आणि मग दांडी खाली सरकवून बसवायची. तिसरी हालचाल राहिली तर दिसायला प्लग बसलेला दिसतो, पण आतला सुरक्षा-संपर्क जुळत नाही. आमची तिसरीच राहिली होती. टक् असा आवाज आला पाहिजे. तो आला, कोड पुसला, हिरवं ‘रेडी’ लागलं. नव्या पॅकला कोड आला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी ही टक् ऐका.

सुरुवातीला पट्ट्या कमी दिसल्या, इंजिन बराच वेळ आपणहून चालू राहिलं. ते ठीक, ते बॅटरी भरतंय. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन त्याच रस्त्यावर गेले. जोरात दाबलं. “सगळे सारखेच आहेत,” ती कंटाळून म्हणाली. सगळ्यांत वरच्या आणि खालच्या ब्लॉकमध्ये ०.१५ चा फरक.

त्यानंतर

याला आता तीन वर्षं झाली. दर मार्चमध्ये, उन्हाळा लागायच्या आधी, मी जाळी आणि पंखा साफ करते. तांदूळ डाव्या बाजूला ठेवते. उन्हात तापलेल्या गाडीत बसलं की आधी काचा खाली, मग एसी, कारण बॅटरी श्वास घेते तो आपल्याच हवेत.

आणि भारतात जायचं तेव्हाची व्यवस्था. सहा-आठ आठवडे उभ्या गाडीत मोठी बॅटरी आपोआप उतरत जाते, आणि अशक्त मॉड्यूल सगळ्यांत आधी तळ गाठतं. माझ्या जानेवारीच्या त्रिकोणाचं तेच निमित्त. छोट्या बॅटरीचं टर्मिनल काढून गेलात तर छोटी वाचते, मोठीला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून आता ओसरीवरच्या त्याच आजींच्या नातवाकडे चावी देऊन जाते. दर दुसऱ्या रविवारी गाडी ‘रेडी’ करायची आणि अर्धा तास फिरवून आणायची, बदल्यात मी येताना बाकरवडीची दोन पाकिटं आणते. मागच्या खेपेला त्यानं फिरवल्याचे मैल बघितले तर जरा जास्तच निघाले, पण पट्ट्या सहावर होत्या, निळ्या.